वॉकर म्हणजे चालणारा नव्हे

जॉनी वॉकरच्या बाटलीवरचा माणूस पिणाऱ्यांनी पाहिलाय आणि न पिणाऱ्यांनीही. डोक्यावर उंच हॅट, हातात काठी, पायात चकचकीत बूट आणि पुढे टाकलेलं ऐटदार पाऊल. टॉम ब्राउन या व्यंगचित्रकारानं १९०८ साली हे चित्र काढलं. कल्पना सरळ होती. आडनाव वॉकर, वॉक म्हणजे चालणं, म्हणून चालणारा माणूस.

चित्र झकास आहे, पण त्यातला माणूस भलतंच काम करतोय. आडनावाशी इमान राखायचं तर त्याचे बूट काढायला हवे होते, विजार गुडघ्यांपर्यंत दुमडायला हवी होती आणि त्याला एका हौदात उभा करायला हवा होता. हौदात लोकरीचं ओलं कापड, आणि ते ज्यात भिजतंय ते पाणी नव्हे, तर बरेचदा शिळं मूत. पाय हलताहेत, पण जागच्या जागी. व्हिस्कीच्या बाटलीवर हे चित्र काही खपलं नसतं, ते सोडा.

वॉकर हा मुळात कापड तुडवणारा कारागीर. आणि गंमत अशी की इंग्रजीत फुलर आणि टकर अशी आणखी दोन आडनावं आहेत, त्यांचाही अर्थ नेमका हाच. धंदा एक, आडनावं तीन. का, ते कळायला आधी धंदा कळायला हवा.

लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात साबण लावून घसाघसा धुतला की काय होतं, हे ज्यांच्या घरी घडलंय त्यांना फार समजवावं लागणार नाही. आमच्याकडे एका हिवाळ्यात वडिलांचा स्वेटर असा धुतला गेला आणि शेवटी तो शेजारच्या पाच वर्षांच्या मुलाला बसला. लोकरीच्या प्रत्येक केसावर माशासारखे बारीक बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि रगडणं एकत्र आलं की केस एकमेकांवर सरकतात, खवले एकमेकांत अडकतात आणि मग सुटायचं नाव घेत नाहीत. कापड आटतं, जाड होतं, वीण दिसेनाशी होते. आपल्या घरात हा अपघात. मध्ययुगातल्या इंग्लंडात हाच धंदा होता, आणि तो करायला माणसं पगार घेत.

कारण मागावरून नुकतंच उतरलेलं लोकरीचं कापड अंगावर घालण्याजोगं नसे. वीण सैल, मधून उजेड दिसावा इतकी. वर लोकरीचा मूळचा मेणचट ओशटपणा, शिवाय सूत कातताना आणि विणताना चोळलेलं तेल. इंग्लंडच्या पावसात असं कापड काय कामाचं? म्हणून आधी ते धुऊन त्याचा ओशटपणा काढायचा, मग तुडवून तुडवून आटवायचं, घट्ट करायचं. यानंतर ते ताणून वाळवायचं, म्हणजे आटताना वेडंवाकडं झालेलं कापड सरळ होई. लांबच लांब लाकडी चौकटींना आकडे असत, त्यांवर कापड ताणून अडकवून ठेवत. या आकड्यांना टेंटरहुक म्हणतात. इंग्रजीत एखाद्याचा जीव खालीवर होत असेल तर तो ‘टेंटरहुकवर’ आहे असं म्हणतात. मराठीत त्याच वेळी जीव टांगणीला लागतो. दोन भाषांना एकच चित्र सुचलं.

मुताचं काय, तर ते शिळं झालं की त्यात अमोनिया तयार होतो, आणि अमोनिया तेलाचा ओशटपणा कापतो. साबण महाग होता, हे फुकट होतं. रोमन लोकही हेच वापरत. पॉम्पेईच्या उत्खननात कापड धुण्या-तुडवण्याच्या हौदांसह अख्ख्या कार्यशाळा सापडल्या आहेत. रोमचा सम्राट व्हेस्पेशियन यानं तर सार्वजनिक मुताऱ्यांतून गोळा होणाऱ्या या मालावर कर बसवला. मुलानं नाक मुरडलं तेव्हा बापानं करातलं नाणं त्याच्या नाकापुढे धरून विचारलं, वास येतोय का? पैशाला वास नसतो ही म्हण तिथली.

दुसरा पदार्थ आपल्या ओळखीचा आहे. मुलतानी मातीच्या पाकिटावर इंग्रजीत बहुधा ‘फुलर्स अर्थ’ असं छापलेलं असतं. हा फुलर म्हणजे आपला आडनावातलाच फुलर, कापड तुडवणारा. ही माती तेल शोषून घेते. चेहऱ्यावरचं घेते तसंच लोकरीतलंही. इंग्लंडात सरे आणि बेडफर्डशायर परगण्यांत तिच्या चांगल्या खाणी होत्या, आणि सतराव्या शतकात ही माती देशाबाहेर न्यायला बंदी होती. आपली माती वापरून परदेशी विणकरांनी आपल्याशीच स्पर्धा करू नये म्हणून. चेहऱ्याला लेप लावून डोळे मिटून पडलेल्या माणसाच्या गालांवर युरोपच्या लोकर-व्यापाराचं एक प्रकरण वाळत असतं, असं म्हणायला हरकत नाही.

आता आडनावांकडे. नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकलं, तोवर तिथल्या सामान्य माणसाला एकच नाव असे. नंतर गावात पाच जॉन झाले की ओळखायला काहीतरी जोड लागायची. कुणाच्या गावाचं नाव, कुणाच्या बापाचं, कुणाचं व्यंग किंवा रंग, आणि कुणाचा धंदा. सुतार, लोहार, शिंपी, कुलकर्णी ही आडनावं वापरणाऱ्या समाजाला यात नवल वाटू नये. मुंबईच्या पारशांनी तर बाटलीवाला, कॉन्ट्रॅक्टर, इंजिनिअर असा धंदाच नावाला जोडून टाकला. इंग्लंडात ही जोड हळूहळू बापाकडून मुलाकडे जायला लागली. दक्षिणेत १३५० च्या आसपास बहुतेकांची आडनावं ठरून गेली होती, उत्तरेत आणखी काही पिढ्या लागल्या. १३७७, १३७९ आणि १३८१ साली डोईपट्टी बसवली गेली, तिच्या याद्यांत हे स्थित्यंतर दिसतं. काही ठिकाणी नावापुढे धंदाही टिपलेला आहे. कुठे आडनाव आणि धंदा जुळतात, कुठे आडनाव बापाच्या धंद्याचं राहिलंय आणि मुलगा भलतंच काही करतोय.

आणि नेमक्या याच काळात कापड तुडवणाऱ्याला सगळ्या इंग्लंडभर एकच शब्द नव्हता. हा सगळा लेख खरं तर या एका वाक्यासाठी आहे. आग्नेयेकडे आणि पूर्वेकडे, म्हणजे केंट, ससेक्स, एसेक्स, सफक या भागांत, त्याला फुलर म्हणत. हा शब्द लॅटिनमधल्या ‘फुल्लो’वरून आला. नैर्ऋत्येला डेव्हन, सॉमरसेटकडे तो टकर. उत्तरेत आणि मिडलंड्सच्या, म्हणजे मध्य इंग्लंडच्या, पश्चिम भागात वॉकर. आडनावं गोठली ती त्या त्या गावच्या बोलीतच. पाचसातशे वर्षांनी, १८८१ च्या जनगणनेतली आडनावं जेव्हा नकाशावर मांडली गेली तेव्हा हे तिन्ही पट्टे अजून ओळखू येत होते. मधल्या काळात माणसं पोटापाण्यासाठी इकडून तिकडे गेली, शहरं वाढली, तरीही. धंदा बुडाला, बोली बदलल्या, पण मेलेल्या बोलीच्या सीमा माणसांच्या आडनावांत राहिल्या. मला यापेक्षा सुंदर भाषिक नकाशा माहीत नाही.

टकरची व्युत्पत्ती जरा क्रूर आहे. जुन्या इंग्रजीत ‘टूकियन’ म्हणजे छळणं, हाल करणं. त्यावरून कापड ओढणं, ताणणं, बदडणं. आज आपण शर्ट ‘टक’ करतो तो शब्द याच घरातला. डेव्हनमधल्या एक्सेटर शहरात टकर्स हॉल नावाची वास्तू आहे. विणकर, कापड तुडवणारे आणि कापड कातरणारे यांच्या संघानं १४७१ साली उभारलेली. कॉर्नवॉलमध्ये टकिंगमिल नावाचं गावच आहे.

वेल्समध्ये ओढ्यांवरच्या कापड तुडवायच्या गिरणीला पांडी म्हणत. वेल्श माणसं नावाला बापाचं नाव जोडत, त्यामुळे तिथे हा धंदा आडनावात फारसा शिरला नाही, गावांच्या नावांत शिरला. १९१० च्या खाणकामगारांच्या दंग्यामुळे इतिहासात गेलेलं टोनीपांडी हे त्यातलंच एक.

वॉकरचं मूळ जुन्या इंग्रजीतल्या ‘वेआल्कन’ या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ चालणं असा नव्हताच. लाटांनी घुसळणं, गडबडणं, उलटसुलट लोळणं असा होता. ‘वेआल्केरे’ म्हणजे कापड पायांखाली असं घुसळणारा. तेराव्या शतकाच्या आसपास या क्रियापदाचा अर्थ घसरत घसरत पायी जाण्यावर आला. कसा आला यावर विद्वान तर्क करतात. लोळणं, मग इकडेतिकडे भटकणं, मग चालणं, अशी ती पायरी असावी. जर्मन भाषेनं मात्र जुना अर्थ टाकला नाही. तिथे आजही ‘वाल्कन’ म्हणजे लोकर तुडवून घट्ट करणंच, आणि चालायला वेगळा शब्द आहे. म्हणजे इंग्रजीत क्रियापद पुढे निघून गेलं आणि आडनाव मागे हौदातच उभं राहिलं.

चौदाव्या शतकाच्या शेवटी विक्लिफ या इंग्रज धर्मसुधारकाच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणलं, तेव्हा मार्कच्या शुभवर्तमानात एक अडचण आली. येशूची वस्त्रं अशी शुभ्र झाली की पृथ्वीवरचा कोणताही फुलर तितकी शुभ्र करू शकणार नाही, असं ते वाक्य. अनुवादकानं तिथे ‘फुलर किंवा कापडाचा वॉकर’ असे दोन्ही शब्द लिहिले. दोन्हीकडच्या वाचकांना कळावं हाच हेतू असणार. पुण्याच्या आणि नागपूरच्या वाचकांसाठी एकच भाजी दोन नावांनी लिहावी तसं.

वॉकर म्हणजे जंगलात गस्त घालणारा, असंही एक स्पष्टीकरण सांगितलं जातं. राजाच्या राखीव रानातल्या गस्तीच्या टापूला ‘वॉक’ म्हणत आणि तिथल्या रक्षकाला वॉकर. हे खोटं नाही, पण हा वापर नंतरचा. आडनाव बनण्याच्या काळात उत्तरेतला वॉकर म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे कापडच येई. थोडेफार वॉकर मात्र खरोखर वेगळ्या मुळाचे आहेत. न्यूकॅसल शहरात, हेड्रियनच्या रोमन भिंतीलगत, वॉकर नावाचा भाग आहे. त्या नावाचा अर्थ भिंतीजवळची दलदल.

यात एक विसंगती आहे. आडनावं रुजत होती त्या काळात पायांनी तुडवायचं काम उतरणीला लागलेलं होतं. पाण्याच्या चाकावर चालणारे लाकडी हातोडे कापड बदडू लागले. टेम्पलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या मालमत्तेची ११८५ सालची मोजणी उपलब्ध आहे, तिच्यात यॉर्कशायरमधल्या न्यूसॅमला अशा गिरणीची नोंद आहे. इतिहासकार एलिनोरा कॅरस-विल्सन यांनी १९४१ साली या बदलाला तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांती म्हटलं. सगळ्या इतिहासकारांना ते पटलं नाही, पण गिरण्या नदीकाठी पसरल्या यात शंका नाही. गिरणी जमीनदाराची किंवा मठाची, आणि कापड तिथेच आणून पैसे भरा अशी सक्ती. १२७४ च्या सुमारास सेंट अल्बन्सच्या मठाधिपतीचं आणि गावकऱ्यांचं यावरून चांगलंच वाजलं. गावकऱ्यांना घरी फुकटात तुडवायचं होतं, मठाला गिरणीचं उत्पन्न हवं होतं. म्हणजे नंतरचे पुष्कळसे वॉकर हौदात पाय न घालताच वॉकर झाले. ते गिरणीवर देखरेख करणारे होते. नाव मात्र पायांचंच राहिलं.

हाता-पायांनी हे काम शेवटपर्यंत टिकलं ते स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर. तिथे बायका लांब फळीभोवती बसून ओलं कापड तालावर आपटत आणि गात. जात्यावरच्या ओव्यांसारखीच ही कामाची गाणी, आणि ती विसाव्या शतकात ध्वनिमुद्रित झालेली आहेत. गेलिक भाषेत ‘कापड तुडवणाऱ्याचा मुलगा’ अशा अर्थाचं आडनाव होतं. इंग्रजी लिहिणाऱ्या कारकुनांनी त्याचं सरळ भाषांतर करून वॉकर केलं. त्यामुळे स्कॉटलंडातल्या काही वॉकरांच्या मुळाशी इंग्रजी शब्दच नाही.

आज वॉकर हे इंग्लंडच्या पहिल्या वीस आडनावांत येतं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्येही ते रोजच्या ऐकण्यातलं. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत ५ लाख २३ हजारांच्या घरात माणसांचं आडनाव वॉकर होतं. फुलर आणि टकर त्याच्या बरेच मागे आहेत. यामागे धंद्याची भरभराट आहेच, पण मला वाटतं भूगोलाचा हात जास्त असावा. वॉकरच्या पट्ट्यात यॉर्कशायर आणि लँकेशायर येतात, आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत गिरण्यांमुळे लोकसंख्या तिथे झपाट्यानं फुगली. त्यात स्कॉटलंडचे वॉकर मिळाले, आणि तिथून अमेरिकेला निघालेल्या बोटी काही थोड्या नव्हत्या.

इतके वॉकर म्हणजे ते सगळे एकमेकांचे भाऊबंद, असं समजू नये. नदी, मेंढ्या आणि माग असलेल्या प्रत्येक खोऱ्यात एखादा तरी वॉकर होता, प्रत्येकानं आपापलं कुळ सुरू केलं. गावोगावच्या सुतारांचं एकच घराणं नसतं तसंच.

अमेरिकेतले साधारण एक तृतीयांश वॉकर कृष्णवर्णीय आहेत, आणि हे व्युत्पत्तीचं प्रकरण नाही. गुलामगिरीत माणसांना कागदावर बहुधा आडनावच नसे. १८६५ साली गुलामगिरी संपल्यावर लोकांनी ती नोंदवली. काहींनी मालकाचं घेतलं, काहींनी आधीच्या एखाद्या मालकाचं किंवा बापाचं, काहींनी मुद्दाम तिसरंच. यॉर्कशायरच्या ओढ्याकाठचा शब्द असा जॉर्जिया, लुइझियानाच्या कापसाच्या शेतांत पोहोचला. लोकरीचा शब्द, कापसात. १८६७ मध्ये लुइझियानात जन्मलेल्या सेरा ब्रीडलव्ह यांनी नवऱ्याचं आडनाव लावून मादाम सी. जे. वॉकर या नावानं केसांच्या प्रसाधनांचा धंदा उभारला आणि त्या अमेरिकेतल्या सर्वांत यशस्वी उद्योजिकांपैकी एक ठरल्या.

राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश बापलेकांच्या नावात मधे वॉकर आहे, तो थोरल्या बुश यांच्या आईकडच्या घराण्याचा. गोल्फमधला वॉकर चषकही त्याच घराण्यातल्या जॉर्ज हर्बर्ट वॉकर यांच्या नावाचा.

आपल्याकडे हे आडनाव वर्दीत आलं. बडोद्याचे इंग्रज रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर यांनी १८०७ साली काठेवाडच्या संस्थानिकांशी खंडणीचे करार केले. त्याआधी गायकवाडांची फौज वसुलीसाठी मुलूखगिरीला निघायची, ती प्रथा या करारांनी संपवली. गुजरातच्या इतिहासात त्याला वॉकर सेटलमेंट म्हणतात.

लोकरीच्या बाकीच्या कामांनीही आडनावं दिली. विणणारा दक्षिणेत वीव्हर किंवा वेब, उत्तरेत वेबस्टर. म्हणजे अमेरिकन शब्दकोशकार नोआ वेबस्टर विणकराच्या नावाचे. रंगारी दक्षिणेत डायर, उत्तरेत लिस्टर, आणि शस्त्रक्रियेत जंतुनाशकं आणणारे जोसेफ लिस्टर आडनावानं रंगारी. कापडावरची लव कातरणारा शर्मन, त्याच्या नावाचा पुढे रणगाडा झाला. डेव्हनमध्ये लोकर पिंजणारा टोझर. मेंढीच्या पाठीवरून निघालेली लोकर अंगरखा होईपर्यंत ज्या ज्या हातांतून जाई, त्या प्रत्येक हाताला एक आडनाव मिळालं. पायांना मिळाली तीन.

बाटलीवरचे जॉन वॉकर हे स्कॉटलंडमधल्या किलमार्नॉकचे किराणा दुकानदार. १८२० पासून ते चहा-साखरेबरोबर दारू विकत. ते वारले १८५७ साली, म्हणजे आपल्या नावाचा चालता माणूस झालेला त्यांनी पाहिलाच नाही. आपल्या लहानपणीच्या कॉमिक्समधल्या वेताळाच्या, म्हणजे फँटमच्या, नावातही चालणंच. जंगलाबाहेर पडताना तो किट वॉकर हे नाव घेई, कारण तो ‘चालणारं भूत’. तिथेही वॉक म्हणजे चालणंच धरलेलं.

आणि मग मुंबई. बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी हा तरुण बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होता आणि प्रवाशांना नकला करून हसवायचा. गुरुदत्त यांनी त्याची दारुड्याची नक्कल पाहिली आणि त्या व्हिस्कीवरून त्याचं नाव जॉनी वॉकर ठेवलं. स्वतः तो दारूला शिवत नसे. काझी म्हणजे न्यायाधीश, म्हणजे त्याचं मूळ आडनावही धंद्यावरूनच आलेलं. न्याय देणाऱ्याचं नाव खुंटीला टांगून त्यानं कापड तुडवणाऱ्याचं लावलं, आणि दोन्ही धंदे कधी केले नाहीत. अर्थात गर्दीच्या वेळची मुंबईची बस ज्यानं अनुभवलीय त्याला विचाराल तर तो म्हणेल, तुडवातुडवीचा अनुभव त्याला भरपूर असणार.